रकाना वाढला तर

काकूंचा मला हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्यांच्याविषयी मी जे काही चांगलं सांगेन ते दातओठ खाऊन सांगतेय हे लक्षात राहील. हेवा रूपाचा नव्हता, कपड्यांचा नव्हता. काकू पंचावन्नच्या पुढच्या, सुती साडीतल्या, भंडाऱ्याकडून आलेल्या विधवा बाई. मी सत्तावीस वर्षांची, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, तीन वर्षं वेबसाइट बनवणारी. त्या आमच्याकडे आकडे भरायला होत्या. म्हणजे खरं तर त्यांनी माझा हेवा करायला हवा होता, पण ते त्यांना कधी सुचलंच नाही. हाही माझा एक राग.

आमचं ऑफिस बिबवेवाडीत, बॅटरीच्या दुकानावर. तीन खोल्या, अकरा माणसं आणि सर. सर म्हणजे मालक. मंगल कार्यालयं, क्लासेस, डबे देणाऱ्या बायका, येईल त्याची वेबसाइट आम्ही करायचो. मोठ्या कंपन्यांच्या एसी बस सकाळी कोपऱ्यावरून जायच्या, गळ्यात पट्टे घातलेली माणसं घेऊन, आणि मी त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करायचे. त्याच सुमाराला टचचे फोन सगळ्यांच्या हातात आले, आणि सरांनी जाहीर केलं की दिवाळीनंतर ऑफिसात मोबाइलचा वेगळा विभाग होणार, त्याला एक प्रमुख असणार. ती जागा माझी होती. म्हणजे मी तसं धरून चालले होते. घरी आईला सांगून ठेवलं होतं, आईने मावशीला, आणि मावशीने उरलेल्या पुण्याला.

काकू त्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांच्या तालुक्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. मुलीला पुण्यात आयटीत नोकरी लागली तशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि धायरीला मुलीकडे आल्या. घरी बसून भिंती बघायच्या त्यापेक्षा म्हणून आमच्याकडे. खिडकी सुटली, पण खिडकीतलं बोलणं काही सुटलं नाही. कुणी विचारलं, "काकू, सर आलेत का?" की मान वर न करता उत्तर, "आले. सव्वादहा. आतल्या खोलीत." "काकू, चहा?" "येते. पाच मिनिटं. तुमचा बिनसाखरेचा." तोच प्रश्न दहा वेळा विचारा, दहाव्यांदाही त्याच आवाजात तेच उत्तर, कपाळाला आठी नाही. आमच्या पुण्यात दुसऱ्यांदा विचारणाऱ्याचा आधी अपमान होतो आणि मग उत्तर मिळतं. कधी कधी नुसता अपमानच. त्यामुळे ही बाई मला खरीच वाटायची नाही. ऑफिसात सगळे त्यांची नक्कल करायचे. मीही करायचे, जरा जास्तच.

"बहुतेक" हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी एकदा कुरिअरविषयी म्हटलं, "बहुतेक चारपर्यंत येईल," तर म्हणाल्या, "बहुतेक म्हणू नको वो बाई. बहुतेकची गाडी कुठंच जात नाही." वर हसल्या. मला हसू आलं नाही. 

डबा त्या उभ्याने खायच्या. बसून जेवलं की कुणीतरी विचारायला येते आणि मग हातचा घास खाली ठेवावा लागते, म्हणून. इथे कोण येणार होतं विचारायला? पण नाही, एका हातात डबा धरून दाराकडे तोंड करून उभ्या. मुलीला हे सगळं ओशाळवाणं वाटायचं म्हणे. ती मोठ्या कंपनीत, आणि आई बॅटरीच्या दुकानावर आकडे भरते. काकू हे आम्हाला स्वतःच सांगायच्या, अगदी गाडीची वेळ सांगावी तसं.

आणि त्यांचं ते वाचन. आकडे भरून झाले की 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबायच्या आधी काकू आपला छोटा फोन काढायच्या, तिथे ते पान उघडायच्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायच्या. क्लासचा निकाल असो नाहीतर मंगल कार्यालयाच्या रिकाम्या तारखा. अख्खं ऑफिस त्याला काकूंची आरती म्हणायचं. मी कानात इअरफोन घालायचे. "मुकाट्यानं वाचलं की डोळे थापा मारतात," त्या म्हणायच्या, "तोंडानं वाचलं की कान चूक पकडते." असल्या गोष्टींवर सर खूश. मी महिनाभर खपून केलेलं एखादं पान बघून सर म्हणायचे, "बरंय." आणि काकूंनी एक चुकलेला आकडा पकडला की, "वा काकू."

मग मार्केट यार्डातल्या फुलांच्या आडत्यांचं काम आलं. त्यांना रोज सकाळी फुलांची आवक आणि भाव वेबसाइटवर हवे होते, आणि बघणारे सगळे फोनवर बघणार होते. शेतकरी, टेम्पोवाले, हारवाले. सर म्हणाले, हे काम नीट झालं की मोबाइलचा विभाग झालाच म्हणून समजा. माझ्याकडे बघून म्हणाले. निदान मला तसं वाटलं.

आता फोनवर तक्ता दाखवणं म्हणजे काय त्रास असतो ते सांगते. फूल, आवक, किमान, कमाल, सरासरी असे पाच रकाने. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ऐसपैस बसतात. फोनवर उघडलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी केली की अर्धा तक्ता पडद्याबाहेर. मी त्यावर आठवडा घालवला. फुलाचं नाव डावीकडे जागच्या जागी राहायचं आणि बाकीचे रकाने बोटाने आडवे सरकायचे. दिसायला देखणं झालं होतं. सरांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांनी मान डोलावली. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी फोन मागून घेतला, खाली खाली सरकवत गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे पन्नास काय आहे?"

"वर बघा ना काकू. वर रकान्याचं नाव आहे."

"वर गेली की माझी शेवंती खाली राहून जाते. शेवंतीजवळ आली की वरचं नाव जाते. मी दोन्ही कसं धरू?"

"सवय होते," मी म्हटलं.

"तुले होते," काकू म्हणाल्या. "टेम्पोवाल्याले एक डाव पाहायचं राहते, उभ्या उभ्या. तक्ता कोणी वाचत नाही वो बाई. माणूस आपली गाडी पाहते."

मग त्यांनी टेबलावर पडलेली कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक चौकट काढली. चौकटीत वर ठळक 'शेवंती'. खाली एकाखाली एक: आवक एवढी, किमान एवढा, कमाल एवढा, सरासरी एवढा. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव. मग दुसरी चौकट, 'गुलाब'. पुन्हा तेच. म्हणजे आडवा तक्ता मोडून प्रत्येक फुलाचं वेगळं कार्ड. सर पत्रिका हातात घेऊन बघत राहिले. मला त्या क्षणी कळलं की हे बरोबर आहे, आणि कळलं म्हणूनच मी म्हटलं, "फार लांब होईल सर. किती सरकवत बसणार लोक?"

सर म्हणाले, बाजारात जाऊन बघू. माझा आडवा तक्ता तयार होताच. काकूंचं कार्डही मी घाईघाईने चार फुलांपुरतं तयार केलं, होता होईल तेवढं वाईट. तिघं फुलबाजारात गेलो. एका हमालाच्या हातात मी माझा तक्ता दिला आणि त्याला समजावून सांगायला लागले, इथे बोट ठेवा, असं सरकवा. त्याने फोन आडवा केला, उभा केला, ओल्या अंगठ्याने दोनदा भलतीकडेच गेला आणि फोन परत माझ्या हातात दिला. "ताई, तुम्हीच सांगा ना काय ते." काकूंनी हातातला फोन एका हारवाल्या बाईच्या हातात दिला आणि गप्प उभ्या राहिल्या. बाईने अंगठ्याने दोन चौकटी वर ढकलल्या आणि म्हणाली, "गुलाब सरासरी एवढा होय? बरंय की." बस. तो फोन हिसकावून घ्यावा आणि गटारात टाकावा असं मला वाटलं. माझाच होता तो फोन, त्या दिवसापुरता काकूंना वापरायला दिलेला.

अर्थात बांधायचं मलाच होतं, कारण काकूंना काही प्रोग्रामिंग येत नव्हतं. मी बांधलं. पण कसं, तर आकड्यांशेजारची नावं मी जागेवरून टाकली. फुलाच्या नावानंतर जे पहिलं येईल त्याच्या आधी 'आवक', दुसऱ्याच्या आधी 'किमान', असं. प्रत्येक नाव त्याच्या त्याच्या रकान्याशी बांधून टाकायची पक्की पद्धत मला येत होती. तिला अजून एक दिवस लागला असता. काकूंच्या कल्पनेला मी एक दिवस जास्त देणार नव्हते.

काकू बघत होत्या. त्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं, पण विचारलं नेमकं तेच. "मधी एखादा रकाना वाढला तर?"

"तर मला सांगा. बदलीन."

"आणि तू नसली तर?"

"काकू, मी कुठे जाणारे?"

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. आडत्यांनी पेढे पाठवले, डब्यावर काकूंचं नाव. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही काकूंची पद्धत." मी संध्याकाळी क्लास लावून शिकलेले, बाबांनी त्यासाठी त्यांची स्कूटर आणखी तीन वर्षं चालवलेली, आणि पद्धत कुणाची, तर खिडकीतल्या बाईची. एकदा कुणीतरी विचारलं, सर, मोबाइलच्या विभागाचं काय? सर हसत म्हणाले, "काकूंनाच करू प्रमुख." विनोद होता तो. काकू सगळ्यात जास्त हसल्या. मी कानात इअरफोन घातले.

आणि काकू माझ्याशी वाईट वागत असत्या तर एक वेळ बरं झालं असतं. त्या माझ्यासाठी डब्यात वेगळी मिरचीची चटणी आणायच्या. माझा एखादा रंग, एखादं बटण त्यांना आवडलं की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिच्या हातात सफाई आहे, पाहा." मी त्यांच्या जागी असते तर मी असं म्हटलं नसतं. मला जमलंच नसतं. जळफळाट व्हायचा तो याचाच.

दसऱ्याला तीन दिवस होते तेव्हा दुपारी आडत्यांच्या सेक्रेटरींचा मेल मला आला. झेंडू किलोने जातो, गुलाब गड्डीने, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतोय, तरी फुलाच्या नावाशेजारी 'एकक' असा एक रकाना घालावा. पंधरा मिनिटांचं काम. मी घातला. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं. मग फोनवर बघितलं. 

झेंडू. आवक: किलो. किमान: चारशे दहा. कमाल: वीस. सरासरी: साठ. आणि सगळ्यात शेवटी एकटेच पस्तीस, शेजारी नाव नाही.

सगळी नावं एक घर मागे राहिली होती. चारशे दहा ही त्या दिवशीची आवक. साठ हा कमाल भाव, आणि तो सरासरी म्हणून दिसत होता. मला आधी हसू आलं. मग मी फोन पालथा ठेवला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली असती.

खोटं कशाला सांगू, मी घाईत नव्हते, विसरलेही नाही. माझ्या मनात एवढंच होतं की एक दिवस हे असं दिसू दे. दोन-चार फोन येऊ देत. सर वैतागू देत आणि म्हणू देत की ही कार्डांची पद्धत काही खरी नाही. मग दुपारी मी दुरुस्त करीन, आणि मी दुरुस्त केलं हे सगळ्यांना दिसेल. पण उद्या सकाळी काकू आरती करणार आणि पहिल्याच ओळीला पकडणार. म्हणून मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "काकू, सणाची तयारी असेल ना घरी? उद्या सुट्टी घ्या. आकडे मी भरते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "बावीस वर्षं खिडकीत होती मी," त्या म्हणाल्या, "मागितल्याशिवाय सुट्टी कोणी दिली नाही." आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी जागेवर येऊन बसले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडे भरले, बटण दाबलं आणि फोनची वाट बघत बसले. अकरा वाजले, दोन वाजले, पाच वाजले. एकही फोन नाही. आडते सणाच्या गर्दीत, आणि ते बघायचे कॉम्प्युटरवर, तिथे सगळं ठीक. किमान चारशे आणि कमाल वीस हे कुणालाच कसं खटकलं नाही याचं मला नवल वाटत होतं. नंतर कळलं की ज्यांना खटकलं त्यांनी आपलाच फोन बिघडला असं समजून तो खिशात टाकला. आणि बाकीच्यांनी फक्त आपलं फूल शोधलं, सरासरीचा आकडा बघितला आणि कामाला लागले. माणूस आपली गाडी बघतो म्हणाल्या होत्या ना काकू. तसंच झालं. तक्रार आली नाही म्हणून मी दुरुस्तही केलं नाही. आता निमित्तच नव्हतं ना दाखवायला. घरी गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला काकूंचा फोन. "बाई, झेंडूची आवक किलो काऊन दिसून राहिली?" आवाज नेहमीचाच. मी घरूनच दहा मिनिटांत नावं सरळ केली. साडेआठला सरांचा फोन. काकू धायरीहून रिक्षा करून परस्पर मार्केट यार्डात गेल्यात, आडत्यांचा फोन आला होता, तिथे काय करतायत कळत नाही, तू जवळ राहतेस, त्यांना घेऊन ये.

गेले. बाहेरच्या रस्त्यापर्यंत झेंडूचे ढीग आणि अख्खं पुणं पिशव्या घेऊन आलेलं. काकू सापडल्या त्या एका ढिगाशी. ढीग सासवडकडच्या एका बाईंचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्या काकूंना सांगत होत्या, "आवो, काल तुमच्या मोबाइलात साठ सरासरी हाय म्हनून दिसलं. म्हटलं चढलाय बाजार. दिवाळीसाठी ठेवलेल्या न उमललेल्या कळ्या पन तोडल्या. आता हितं पस्तीसच्या वर कोन बोलंना. आन् दिवाळीला रान मोकळं."

मी ढिगाकडे बघितलं. फुलांत त्या कळ्या होत्या, हिरव्या बुडख्याच्या, आवळलेल्या.

"चूक आमची झाली," काकू म्हणाल्या. "ते रोज वाचायचं काम माझं. काल मी वाचलं नाही."

"का नाही वाचलं?"

"सुट्टीवर होती."

त्या बाईंनी काकूंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला सुट्टी," त्या म्हणाल्या, "आन् आमाला तोडनी."

मी शेजारीच उभी होते. सुट्टी मी दिली, रकाना मी घातला, फोन मी पालथा ठेवला. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी काकूंची पिशवी हातात धरून उभी राहिले.

मला वाटलं आता चला म्हणतील. पण मग त्यांनी सांगितलं की बसस्टँडवर चुकीची गाडी सांगितली गेली की त्या खिडकीला कडी लावायच्या, फलाटावर जायच्या आणि त्या माणसाला बरोबर गाडीत बसवून यायच्या. शिव्या खायच्या, पण बसवून यायच्या. आणि त्या त्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या आणि खिडकीतल्या आवाजात सुरू झाल्या. "झेंडू. पस्तीस. इथं." गिऱ्हाईक विचारायचं, कितीला? "पस्तीस. ताजा. सासवडचा." दुसरं विचारायचं, कितीला? तोच आवाज, तेच उत्तर. पुणेकर भाव पाडायला बघायचे, तिसाला देता का म्हणायचे, काकू जराही न चिडता पुन्हा "पस्तीस" म्हणायच्या. दहाव्यांदा पस्तीस ऐकलं की माणूस मुकाट पिशवी उघडायचा. अकरापर्यंत ढीग संपला, कळ्यांसकट. असे फसलेले बाकीचे ढीग विकून देणं काही त्यांना जमलं नाही. काहींच्या मालकांपाशी जाऊन चूक झाली एवढं सांगून आल्या. मी पिशवी धरून मागे मागे.

निघताना त्या सासवडच्या बाईंनी चहा मागवला. एक काकूंना, एक स्वतःला. मला कुणी विचारलं नाही. आणि एवढं सगळं माझ्यामुळे झालेलं असताना त्या चहाकडे बघून माझ्या मनात काय उठलं असेल, तर हेवा. शरम वाटली, तीही वाटली. पण आधी हेवा वाटला.

दुपारी सरांनी दोघींना आत बोलावलं. मला म्हणाले, "रकाना तू वाढवलास. फोनवर बघितलं नाहीस?"

"घाईत राहिलं सर."

"सर, फोनवर वाचायचं काम माझं राहते," काकू मध्येच म्हणाल्या. "हिच्यावर नका घेऊ. हिनं माझा सण पाहून मले सुट्टी दिली आणि दोघींचं काम एकटीनं ओढलं. एवढं कोण करते?" मग म्हणाल्या, "ते मोबाइलचं हिलेच द्या. माझं वाचन आता पक्कं नाही राहिलं. परवा घरी जायच्या आधी एक डाव फोन उघडला असता तर दिसलं असतं. मी सुट्टीच्या खुशीत निघून गेली. आधी असं झालं नव्हतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठीक आहे सर."

दिवाळीपर्यंत काकू येत होत्या, पण वाचन बंद झालं. आकडे भरायच्या, फोन माझ्यापुढे करायच्या आणि म्हणायच्या, "तू पाहून घे. दोनदा-तीनदा पाहून घे." बावीस वर्षं ज्या बाईने 'बहुतेक' म्हटलं नव्हतं ती मला म्हणाली, "बहुतेक बरोबर आहे." भाऊबीजेनंतर त्या आल्याच नाहीत. मुलगी म्हणाली, आई गावाला गेली, आता तिकडेच राहणार म्हणते.

मी प्रमुख झाले. नंतर मोठ्या कंपनीत गेले, त्याच एसी बसने, गळ्यात पट्टा घालून. नावं रकान्याशी बांधून टाकायची पद्धत मी त्या दसऱ्यानंतर कधीच सोडली नाही. नव्या मुलामुलींना मी शिकवते: तक्ता मोडा, एकेका ओळीचं कार्ड करा, आणि प्रसिद्ध करायच्या आधी फोनवर मोठ्याने वाचा. मुलं हसतात, पण वाचतात. तिथे याला माझी पद्धत म्हणतात, आणि मी आजवर एकदाही दुरुस्त केलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी काकूंना फोन केला. मुलीकडून नंबर घेतला. सगळं सांगायचं ठरवलं होतं, कागदावर चार वाक्यंही लिहून घेतली होती, कारण मला मधेच सावरून घ्यायची सवय आहे. फोन बराच वेळ वाजला. मग तोच आवाज, जरा थकलेला. "कोण बोलून राहिलं?"

"काकू, मी. बिबवेवाडीच्या ऑफिसातली."

"थांब, थांब. सांगू नको." आणि मग एकदम, "तू ते, मले दसऱ्याची सुट्टी देणारी. अगं बाई. नातीले सांगत असते मी, पुण्यात एक पोरगी होती, न मागता सुट्टी दिली तिनं मले. आता कोण देते? तूच ना वो ते?"

कागद माझ्या समोर होता. पहिलं वाक्य नुसतं वाचायचं होतं. पण काकू नातीला जिच्याविषयी सांगतात ती मुलगी मला या जन्मात कधी होता आलं नाही, आणि आता मला तिचाही हेवा वाटायला लागला होता.

"हो काकू," मी म्हटलं. "मीच ती."